आधी आईला विचारा, मग पोराला बोलवा

(वाचकांचे प्रश्न)

या वेळी आलेली पत्रं आणि मेसेज जवळपास सगळे एकाच विषयाभोवती फिरतायत, मे महिन्याची सुट्टी तोंडावर आलीय त्याचा परिणाम असावा. चर्चमध्ये मुलांचं शिबिर घ्यायचंय, शेजारपाजारच्या पोरांना बोलवायचं का, बोलवलं तर त्यांच्याशी काय बोलायचं. आणि पलीकडून विचारणा अशी की शेजारणीने बोलवलंय, पाठवायचं का. दोन्हीकडची पत्रं मुद्दाम एकाच अंकात घेतलीत, एकमेकांची वाचा. नावं छापलेली नाहीत, लांब पत्रं कापलीत, राग नसावा.

प्रश्न: ताई, सलाम. आमची नाशिकमधल्या सातपूरकडची छोटी मंडळी आहे, म्हणजे चर्चची माणसं, पन्नासेक घरं असतील. दरवर्षी व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतलं बायबल शिबिर, घेतो पण येतात ती आपलीच पोरं, आणि ती पण आता मोठी झाली, क्लासला जातात. या वर्षी कमिटीत ठरलंय की आजूबाजूच्या कॉलनीतल्या मुलांना पण बोलवायचं. पत्रकं छापायला टाकूया म्हणतायत. मी सेक्रेटरी आहे, सगळं माझ्यावर येणार, मला जरा धाकधूक वाटतेय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पत्रकं थांबवा आधी. छापायला टाकली असतील तर फोन करून थांबवा. पत्रक हे सगळ्यात शेवटचं काम, आणि आपल्याकडे तेच नेहमी पहिलं होतं कारण ते सोपं असतं, पैसे दिले की हातात गठ्ठा येतो आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं.

कमिटीत कुणी म्हणालं ना की हे बाहेरच्या पोरांचं खूळ कुठून आलं, तर त्यांना सांगा की शब्बाथशाळा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये मुलांची भरते ती शाळा, मंडळीतल्या पोरांसाठी सुरूच झाली नव्हती. इंग्लंडात ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स म्हणून एक वर्तमानपत्रवाले होते, त्यांनी १७८० मध्ये ज्या मुलांना गोळा केलं ती आठवडाभर कामावर राबणारी आणि रविवारी रस्त्यावर हुंदडणारी पोरं होती, त्यांना लिहाय-वाचायला शिकवायचं हे पहिलं काम, बायबल हे वाचायचं पुस्तक. व्हीबीएसचं पण तेच. १८९८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी जागा शोधली तर मिळाला चक्क बिअर पिण्याचा हॉल, तो भाड्याने घेऊन त्यांनी शाळा चालवली. दोन्ही गोष्टी बाहेरच्या पोरांसाठी निघाल्या आणि आपण त्या हळूहळू आतल्या करून टाकल्या, वर बक्षिसं पण आपल्याच पोरांना.

आता सातपूरचं बघू. तुमच्याकडे कितीतरी घरं एमआयडीसीवर चालतात. फर्स्ट शिफ्टचा बाप पहाटेच बाहेर, आई पॅकिंगला नाहीतर घरकामाला, सुट्टीत पोरं सकाळभर घरी एकटी, दाराला आतून कडी आणि हातात मोबाईल. त्या आईला विचारा तिला काय हवंय. ती रोबोटिक्स म्हणणार नाही, ती म्हणेल नऊ ते बारा कुणीतरी बघा हो याच्याकडे. झालं, तुमची वेळ ठरली. दुपारी चारला पत्र्याच्या शेडखाली काही ठेवू नका, मे मधलं नाशिक आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पोरं तापतात, मग तुमचीच धावपळ.

घरोघरी जाताना दोघं जा, त्यातली एक बाई असू द्या, आणि शक्यतो गल्लीतल्या लोकांच्या ओळखीची. मंडळीत कुणी नर्स असेल, कुणी शिक्षिका, कुणी कंपनीत वर्षानुवर्षं काढलेला, त्यांची ओळख पत्रकापेक्षा जास्त चालते. उंबऱ्यातच सांगायचं की आम्ही अमुक चर्चमधून आलोय, मुलांचं शिबिर आहे, त्यात बायबलमधल्या गोष्टी असतील, गाणी, खेळ, हस्तकला असेल, पाठवायलाच पाहिजे असं काही नाही, आधी येऊन जागा बघून जा. आणि शिबिराच्या आदल्या संध्याकाळी चहाला बोलवा. पोरांना नाही, पालकांना. हॉल दाखवा, शिकवणारे ताई-दादा दाखवा, टॉयलेट दाखवा. ज्या आईने तुमचं टॉयलेट बघितलं ना ती निर्धास्त पाठवते, हसू नका, खरंय.

मग पत्रक. मागे एका चर्चचं पत्रक माझ्या हातात आलं होतं, वर भलं मोठं 'समर कॅम्प', खाली डान्स, क्राफ्ट, मोफत नाष्टा, कार्टूनची चित्रं, आणि चर्चचं नाव कुठे तर तळाला, छापखान्याच्या नावाशेजारी, त्याच बारीक अक्षरात. का असं? लाज वाटते का? पोरगं घरी जाऊन प्रार्थनेचं गाणं म्हणणार आणि आईला तेव्हा कळणार की कॅम्प कुणाचा होता, मग ती चिडली तर चूक तिची नाही. चर्चचं नाव सगळ्यात वर, मोठं. त्याखाली बायबलच्या गोष्टी असतील हे स्पष्ट. मग वेळ, वयोगट, फोन. येणारी पोरं कमी होतील, होऊ द्यात.

एक साधा फॉर्म करा, मुलाचं नाव, वय, आईबाबांचे दोन्ही नंबर, काही औषध चालू आहे का, काही खाल्लं की त्रास होतो का, न्यायला कोण येणार, आणि सही. सहीशिवाय आत नाही, पाळकसाहेबांच्या ओळखीचा असला तरी नाही. न्यायला फॉर्मवर नसलेला 'मामा' आला तर आधी आईला फोन. मोठ्या माणसाने एकट्याने एका मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, नेहमी दोघं, आणि हा नियम पाळकांना, मंडळीच्या वडीलजनांना, तीस वर्षं शब्बाथशाळा शिकवलेल्या मावशींना, सगळ्यांना सारखा. काही वावगं कळलं तर कमिटीत बसून मिटवायचं नसतं, २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीचा १०९८ हा नंबर भिंतीवर लावा, पोरांना वाचता येईल एवढ्या उंचीवर.

खाण्याचं. शाकाहारीच ठेवा, आणि शाकाहारी म्हणजे अंडं पण नाही, हे आपल्याकडे केकच्या वेळी विसरतात. चतुर्थीला उपास धरणारी पोरं असतात, जैन घरातलं असेल तर कांदा-बटाटा चालत नाही, म्हणजे तुमचे पोहे पण नाहीत. केळी ठेवा. केळ्यावर अजून कुणाची हरकत आलेली नाही.

माईक लावणार असाल तर पोलीस स्टेशनची परवानगी काढा. रात्री दहा ते सकाळी सहा तर उघड्यावर लावताच येत नाही, पण सकाळी नऊला पण शेजारी नाईट शिफ्ट करून झोपलेला असतो. आणि उद्घाटनाला नगरसेवकाला बोलवायचा मोह होईल. आवरा.

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी ख्रिश्चन आहेत, खूप चांगल्या आहेत, माझ्या बाळंतपणात त्यांनीच डबे दिले. त्यांच्या चर्चमध्ये फॅमिली डे आहे, चित्रकला स्पर्धा, खाऊचे स्टॉल वगैरे, त्यांनी माझ्या मुलाला बोलवलंय, तो तिसरीत आहे आणि जायचं म्हणून नाचतोय. मिस्टरांची हरकत नाही. पण सासूबाई म्हणतात आज चित्र काढायला नेतील, उद्या धर्म बदलतील. मला वहिनींना दुखवायचं नाही आणि घरात वाद पण नकोय.

उत्तर: सासूबाईंना येडं ठरवून मी उत्तर सुरू करणार नाही. त्यांनी काहीतरी ऐकलंय, व्हॉट्सॲपवर वाचलंय, आणि पोरगं त्यांचं आहे. वरचा सातपूरचा प्रश्न वाचलात ना, तिथल्या सेक्रेटरींना मी जे सांगितलं तेच तुम्ही वहिनींना विचारू शकता. कार्यक्रम कुणाचा, किती वेळ, गोष्टी किंवा प्रार्थना असेल का, मुलांबरोबर कोण असतं, आम्ही थांबलो तर चालेल का. वहिनी तुमच्या म्हणण्याप्रमाणे आहेत तर त्यांना राग येणार नाही, उलट हायसं वाटेल, कारण बोलवताना त्यांच्या पण पोटात गोळा आलेलाच असतो की समोरचे काय समजतील.

कायद्याचं थोडक्यात सांगते म्हणजे सासूबाईंना सांगता येईल. घटनेचं कलम २५ सगळ्यांनाच आपला धर्म पाळायचं, सांगायचं, त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य देतं, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. आणि चित्र काढून कुणी ख्रिस्ती होत नाही हो. बाप्तिस्मा ही चर्चमध्ये रजिस्टरला नोंद होणारी गोष्ट आहे, लहान मुलाचा एरवी आईबाप पुढे उभे राहिल्याशिवाय होत नाही, कॅथलिकांच्या धर्मनियमात तर आईबाबांपैकी निदान एकाची संमती हवी असं लिहूनच ठेवलंय. तुमच्या वहिनींना स्वतःच्या पोराला रविवारी उठवून चर्चला नेता नेता नाकीनऊ येत असतील, तुमचा कुठून बदलणार.

मी म्हणेन तुम्ही सगळे जा, फॅमिली डेच आहे. सासूबाईंना पण न्या. मराठी मंडळीत आजीला कुणी उभं ठेवत नाही, पंख्याखालची खुर्ची मिळेल आणि शेजारी दुसरी कुणीतरी आजी येऊन बसेल, मग गुडघ्यांवरून बोलणं सुरू होईल, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. तिथे बसून त्या स्वतः बघतील काय चाललंय ते. नाही पटलं तर उठून यायचं, कुणी अडवणार नाही, आणि अडवलं किंवा नंतर घरी येऊन पिच्छा पुरवला तर सासूबाईंचं बरोबर होतं असं समजा आणि पुढच्या वेळी नाही म्हणा.

आणि नाहीच पाठवायचं ठरलं तरी सरळ सांगा, 'वहिनी, आमच्या घरात नको म्हणतायत'. ताप आलाय वगैरे सांगू नका, पोरगं संध्याकाळी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना दिसतं. सोसायटीच्या गणपतीत त्यांची मुलगी आरतीला उभी राहात असेल ना? तिच्या आईने पण कधीतरी हाच विचार केलेला असणार.

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची आहे, नाशिकरोडला शब्बाथशाळेत शिकवते. आमच्याकडे रविवारी खेळायला म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधली सहा-सात पोरं यायला लागलीत, हिंदू आहेत, दोघं मुस्लीम. एक अंकल म्हणतात त्यांना फक्त खेळ दे, येशूचं नाव काढू नको, उगाच भानगड. दुसरे अंकल म्हणतात हीच संधी आहे, शेवटी डोळे मिटायला लाव, कोणाला येशूला स्वीकारायचंय त्यांना हात वर करायला सांग. मी मध्ये अडकलेय.

उत्तर: दोन्ही अंकलना माझा सलाम सांग आणि दोघांचंही ऐकू नकोस.

पहिल्यांचं म्हणजे मिसळ खायला बोलावून नुसता पाव पुढ्यात ठेवायचा प्रकार झाला. पोरं चर्चमध्ये येतायत, भिंतीवर क्रूस आहे, त्यांना दिसतंय, आणि तू तासभर तो विषय टाळत बसलीस तर त्यांना वाटेल काहीतरी लपवायचं आहे. दुसऱ्यांचं जास्त वाईट. नऊ वर्षांचं पोरगं हात वर करतं कारण शेजारचं करतं. बिस्कीट कोणाला हवंय विचार, तेच हात वर होतील, अजून उंच. त्या हातांची मोजदाद करून वार्षिक अहवालात लिहायची, आणि त्या पोराच्या आईला त्यातलं काहीच माहीत नाही, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

म्हणून आधी त्या सहा-सात घरी जा, पाळकसाहेबांच्या मिसेसना बरोबर घे. आपली पोरं माझ्याकडे येतात, आम्ही गोष्टी सांगतो त्या बायबलमधल्या असतात, चालेल ना? एखादी आई म्हणेल खेळू द्या पण गोष्टी नकोत. मग त्या पोराला गोष्टीच्या वेळी बॉल पकडून मैदानात थांबायला दुसरा दादा दे, वेगळं पाडल्यासारखं वाटू देऊ नकोस. एखादी म्हणेल नकोच. तर नकोच.

गोष्ट सांगायची तर मनापासून सांग. जक्कयची घे. एका खुर्चीवर बुटक्या पोराला उभं कर, ती खुर्ची म्हणजे उंबराचं झाड, बाकीची पोरं म्हणजे गर्दी, ती त्याला पुढे येऊ देत नाहीत, कोपर मारतात (हे पोरांना शिकवायला लागत नाही), आणि मग येशू येऊन सगळ्यांना सोडून त्या लोकांना लुबाडणाऱ्या जकातवाल्याला नावाने हाक मारतो, म्हणतो आज मी तुझ्याकडे उतरणार. गर्दी कुरकुर करते, याच्याकडे? आणि जक्कय खाली उतरून म्हणतो ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत देतो. बस, इथे थांब. तात्पर्य सांगू नकोस, पोरांना चौपटचा हिशोब करू दे, दहाचे किती, पन्नासचे किती, ते त्यांना फार आवडतं. चांगला शोमरोनी, हरवलेलं मेंढरू, या पण तशाच, कुठल्याही घरातल्या पोराला आपल्या वाटतात. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक शब्द वाकडा जाता कामा नये, गमतीत पण नाही, ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगतात आणि त्यात थोडं वाढवतात.

प्रार्थनेच्या वेळी एवढंच म्हण, आता आम्ही प्रार्थना करतो, ज्यांना करायची ते करा, बाकीच्यांनी शांत बसलं तरी चालतं.

गाण्यांचं एक सांगू का. इंग्रजी ॲक्शन साँग घ्या, पोरं उड्या मारतात, छान आहे, पण पेटी आणि ढोलकी पण काढा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग, भजन, कीर्तन काही सोडलं नाही, उलट ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनात उभी राहून सांगितली, आणि त्यांची भजनं आपल्या मंडळ्यांमधून अजून गायली जातात. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पोराला न्यायला आलेली आई दारात उभी असते तेव्हा तिला ओळखीची चाल ऐकू आली की ती दोन मिनिटं जास्त थांबते, टाळ्या पण धरते कधी कधी, आणि मग तिची तुझ्याशी ओळख होते. पोराची ओळख झाली आणि आईची नाही, असं तुझ्या वर्गात कुणी राहू देऊ नकोस.

प्रश्न: मी शरणपूर भागात राहतो, निवृत्त आहे, वय ७४. माझी नातवंडं परदेशात. आमच्या चर्चमध्ये रविवारी अर्धे बाक रिकामे असतात, आपलीच तरुण पोरं येत नाहीत, आणि कमिटी बाहेरच्यांसाठी जत्रा भरवते. गेल्या नाताळात वस्तीतल्या मुलांना दप्तरं, वह्या, स्वेटर वाटले, बराच खर्च झाला. जानेवारीत त्यातलं एकही कुटुंब उपासनेला दिसलं नाही. हे पैसे पाण्यात गेले असं मी मिटिंगमध्ये म्हटलं तर माझ्यावरच सगळे उखडले. माझं काय चुकलं?

उत्तर: काका, तुमचं दुखणं मला कळतं, रिकाम्या बाकाकडे दर रविवारी बघणं सोपं नाही. पण दप्तर देऊन रविवारी माणूस मोजायला बसलात तर ते दप्तर फुकट दिलेलं नव्हतंच, त्याची किंमत लावलेली होती, फक्त पावतीवर छापली नव्हती. असल्याच हिशोबामुळे लोक म्हणतात ना की आमिष दाखवतात. वही दिली, ती त्या पोराची झाली, त्याने त्यात गणपतीचं चित्र काढलं तरी त्याची.

तुम्ही राहता तो भागच बघा ना. १८५४ च्या सुमाराला चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं, त्यांच्या मिशनरी प्राइससाहेबांच्या काळात. पुढे तिथे आफ्रिकन मुलं आली, हिंदी महासागरात गुलामांची जहाजं अडवून सोडवलेली, त्यांना इथे लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम असले धंदे शिकवले. त्यातला जेकब वेनराईट नावाचा मुलगा पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेत गेला, १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. आपल्या शरणपूरला शिकलेला पोरगा! बरेच जण परत पूर्व आफ्रिकेत गेले, मोंबासाजवळ फ्रेअर टाऊन म्हणून वस्ती झाली तिथे. म्हणजे नाशिकच्या मंडळीने त्यांच्यावर जो खर्च केला तो धरून ठेवायला केला असं म्हणता येत नाही. सगळं कौतुकच करावं असंही नाही, साम्राज्याचा काळ होता, त्या पोरांना तुम्हाला काय हवंय असं कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचे आईबाप कुठे हे विचारायची पण सोय नव्हती. तुमच्या वस्तीतल्या पोरांचे आईबाप दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यांना विचारता येतं.

आणि एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. दप्तरवाटप मला पण आवडत नाही. डिसेंबरात त्याच वस्तीत चार संस्था दप्तर घेऊन येतात, पोराकडे तीन दप्तरं होतात आणि गणिताला बसायला जागा नसते, दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, आजारी आजी आणि धाकटं भावंडं. तुमचे ते रिकामे बाक सोमवार ते शनिवार पण रिकामेच असतात ना? चर्चचा हॉल संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका म्हणून उघडा. लाईट, पंखा, पाणी, एक मोठं माणूस, आणि दारावर पाटी की हा चर्चचा हॉल आहे, अभ्यासाला सगळ्यांना खुला, इथे अभ्यासच होतो. तुम्ही निवृत्त आहात, पाढे पाठ असतील, म्हणजे तुमच्या पिढीला अडीचकी, पावकी पण येते, ती आता कुणाला येत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही जाऊन बसा. नातवंडांशी व्हिडिओ कॉलची वेळ सांभाळून.

तरुण पोरं का येत नाहीत हा वेगळा विषय आहे, त्याच्यावर तरुणांचीच पत्रं मागवते, आपण मोठ्यांनी बोलून काही होत नाही.

प्रश्न: आम्ही पंचवटीतले, हिंदू. दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जायचं मुलींचं चाललंय, मैत्रिणी जातात. आम्ही गेलो तर चालतं का? मेणबत्ती लावली तर? आणि ते प्रसाद देतात तो घ्यायचा का?

उत्तर: खुशाल जा, तिथे वसई-मुंबईपासून माणसं येतात आणि त्यात सगळ्या धर्मांची असतात, कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. मेणबत्ती लावा, फुलं वाहा. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालू असेल तर मागे शांत बसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, एवढं पुरे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात देतात ती पवित्र भाकर, मात्र घ्यायचा नाही, तो कॅथलिकांपुरताच असतो, रांगेत जाऊन हात पुढे करू नका, मुलींना आधीच सांगून ठेवा कारण पोरींना रांग दिसली की त्या उभ्या राहतात. गर्दी भरपूर असते, मुलींच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

प्रश्न: आमच्या नाताळच्या कार्यक्रमाला बाहेरची बरीच मुलं आली होती. एकाने सगळे फोटो फेसबुकवर टाकले, 'वंचित मुलांसोबत नाताळ' असं लिहून. एका मुलीच्या वडिलांनी येऊन खूप बोलून दाखवलं. ते जरा जास्तच नाही का झालं?

उत्तर: नाही झालं जास्त. ते वडील रिक्षा चालवत असतील किंवा फ्रेमवाले असतील, त्यांच्या पोरीला गावभर वंचित म्हणायचा अधिकार कुणी दिला? फोटो काढून टाका आणि तुम्ही स्वतः जाऊन त्यांना सांगून या की काढलेत. पुढच्या वेळी फॉर्मवर फोटोसाठी वेगळी सही घ्या, हो किंवा नाही, आणि ज्यांचं नाही त्यांची पोरं ग्रुप फोटोत पाठमोरी नाही, फोटोतच नकोत. खाऊचं पाकीट देतानाचा फोटो तर कुणाचाच नको, ज्याच्या हातात पाकीट असतं त्याला तो कधीच आवडत नाही.

प्रश्न: आमची मंडळी देवळालीकडची. पावसाळा संपला की हंगामाचा सण असतो, भाजीपाला, फळं, कोंबड्या, घरचे पदार्थ अर्पण करतात आणि मग लिलाव. यंदा शेजाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना बोलवावं असं महिला मंडळाचं म्हणणं आहे. पण लिलावात पैशाचा संबंध येतो, ते बरं दिसेल का?

उत्तर: अजून वेळ आहे, पण चांगला विचार आहे म्हणून घेते. बोलवाच. आपल्या सगळ्या कार्यक्रमांत बाहेरच्या माणसाला न समजावता कळणारा हा एकच, शेतकऱ्याला पीक घरी आल्याचा आनंद सांगावा लागत नाही. आणि लिलाव बघण्यासारखा असतो, एक दुधी भोपळा असतो साधा, बाजारात चाळीसला मिळेल, तो पाचशेला जातो, घेणारा म्हणतो परत लावा, परत सहाशेला जातो, तिसरा घेऊन पाळकबाईंना देऊन टाकतो आणि त्या म्हणतात आमच्याकडे आधीच चार आहेत. नवीन माणसाला हे कळत नाही, त्याला वाटतं हे वेडे झालेत. म्हणून सुरुवातीलाच माईकवरून सांगा की पैसे कशासाठी जमवतोय, छपरासाठी की कशासाठी, आणि बोली लावायची सक्ती कुणालाच नाही. पाहुण्यांकडे बघून 'आता आपले शेजारी काय म्हणतात' असलं काही म्हणायचं नाही, बिचारा लाजेने बोली लावून बसतो आणि घरी जाऊन बायकोचं ऐकतो.

मुलांसाठी वेगळा छोटा लिलाव ठेवा, दहा रुपयांच्या वर बोली नाही, पेरू, भुईमुगाच्या शेंगा, लाडू, एखादं रोपटं. बोली बोलवायला पण एखादं पोरगंच उभं करा, ते काम पोरं आपल्यापेक्षा भारी करतात. शेजाऱ्यांच्या बायकांना आधीच विचारून ठेवा, त्यांना काही करून आणायचंय का, एखादी लोणच्याची बरणी आणते आणि तिच्या बरणीला भाव आला की ती पुढच्या वर्षी स्वतःहून विचारते तारीख काय.

कोंबड्यांचा लिलाव मात्र अगदी शेवटी घ्या आणि पाय नीट बांधा. मधेच एक सुटली की सगळी पोरं तिच्या मागे आणि राहिलेली भाजी तशीच.